धुंडिराज गोविंद फाळके : एका हुन्नरी माणसाची जीवनकथा



फणसवाडीतून निघून ठाकूरद्वार ओलांडावे आणि गिरगावातून सँडहर्स्ट रोडच्या, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गाच्या दिशेने चालू लागावे. चालत जाण्याच्या अंतरावर कॉरोनेशन नावाचे एक चित्रपटगृह होते. आज ते उरलेले नाही. परंतु शनिवार, दिनांक ३ मे १९१३ रोजी याच चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लोकांना दाखविण्यात आला आणि आपल्या देशातील एका प्रचंड उद्योगाचा पाया घातला गेला. हा चित्रपट तयार करणाऱ्या गृहस्थांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखतात. त्या दिवशी त्यांचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

आपल्यापैकी काहींना प्रश्न पडेल की, ज्या गृहस्थांनी जन्मभर राम, कृष्ण, हरिश्चंद्र, सावित्री यांच्याच कथा पडद्यावर आणल्या, त्यांचे चरित्र आपल्या शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत कशासाठी? प्रश्न रास्त आहे. आपल्या श्रद्धेप्रमाणे अल्लाहला रूप नाही, आणि पैगंबरांचे चित्र आपण काढीत नाही. ती मर्यादा आपल्या ठिकाणी आहे आणि राहील. परंतु माणसाने हुन्नर कसा शिकावा, दुसऱ्याचे चांगले पाहून आपल्या घरच्या ठेव्याकडे कसे वळावे, आणि एका कामासाठी किती सोसावे, हे शिकण्याला जातीधर्माची आडकाठी नसते. म्हणून ही कथा आपण सर्वांनी, विशेषतः ज्यांची मुले वहीच्या शेवटच्या पानावर चित्रे काढतात अशा पालकांनी, शांतपणे वाचावी अशी विनंती आहे.

बालपण आणि विद्यार्थीदशा

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरात पूजाअर्चा, पोथ्यापुराणे आणि कीर्तने यांचे वातावरण होते. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची नोकरी मिळाली आणि सारे कुटुंब मुंबईस आले. एक कर्मठ शास्त्री ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकवीत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विद्या जेथे असेल तेथे जावे आणि आपला आचार आपल्यापाशी ठेवावा, हा धडा मुलाला घरातच मिळाला.

मुलाचा ओढा संस्कृतपेक्षा चित्रकलेकडे अधिक. आपल्याकडे एखाद्या विद्वान बापाचा मुलगा रंगांचे डबे घेऊन बसला असता, तर काय झाले असते याची कल्पना करा! धुंडिराज मात्र १८८५ साली सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्यानंतर ते वडील भावाबरोबर बडोद्यास गेले. तेथे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली प्रा. गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन ही संस्था सुरू केली होती. हातांनी काम करणाऱ्यांना शास्त्र शिकवावे, हा तिचा उद्देश. फाळके यांनी तेथे छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि छपाईच्या अनेक प्रक्रिया शिकून घेतल्या.

विद्यार्थी मित्रांनो, पुढील पंधरावीस वर्षांत त्यांनी केलेल्या कामांची यादी पाहा. ते छायाचित्रकार होते, नाटकांचे पडदे रंगविणारे होते, आणि एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून त्यांनी जादूचे प्रयोगही केले. या प्रयोगांसाठी त्यांनी आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' असे नाव धारण केले होते! ही कला पुढे निरुपयोगी ठरली नाही. पडद्यावर देव अकस्मात प्रकट होतो किंवा अंतर्धान पावतो, ते दृश्य घडविताना हाच जादूगार कामास आला.

दुःखाचा वाटाही त्यांना मिळाला. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला होता. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेले. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचे आहेच.

छापखान्यातील देव

१९०३ च्या सुमारास फाळके सरकारच्या पुराणवस्तू खात्यात नोकरीस लागले. पगार बरा होता, बढतीची आशा होती. परंतु वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली आणि त्यांनी १९०६ मध्ये ती नोकरी सोडली. याच काळात लोणावळ्याजवळ राजा रविवर्मा यांनी स्थापन केलेल्या छापखान्यासाठी ते काम करू लागले.

येथे थोडे थांबून रविवर्मा यांच्याविषयी सांगितले पाहिजे. केरळातील किळिमानूर येथे १८४८ साली जन्मलेल्या या चित्रकाराने पाश्चात्य पद्धतीच्या तैलरंगांत लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती यांची चित्रे काढली. ती चित्रे राजेरजवाड्यांच्या महालांत होती. सामान्य माणसाला ती पाहावयास मिळावीत म्हणून रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावातच शिळाप्रेस सुरू केला आणि जर्मन कारागीर आणून त्या चित्रांच्या रंगीत प्रती काढल्या. हा छापखाना पुढे लोणावळ्याकडे हलविण्यात आला. या प्रती इतक्या स्वस्त होत्या की, चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या गिरणीकामगाराच्या भिंतीवरही लक्ष्मी आली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरी देवाचे चित्र पोहोचले. कलेच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे.

फाळके या छापखान्यासाठी दगडावर चित्र उतरविण्याचे आणि ठसे करण्याचे काम करीत असत. एकाच चित्रासाठी अनेक दगड लागत. प्रत्येक दगड एका रंगाचा, आणि एक रंग केसभर सरकला की सारी प्रत वाया. या कामाने त्यांची नजर तयार झाली. देवाच्या मुद्रेवर कोणता भाव हवा, दागिने कसे, वस्त्राची चुणी कशी पडावी, हे सारे त्यांच्या हाताखालून रोज जात होते. पुढे त्यांच्या चित्रपटांतील देवदेवता रविवर्मांच्या चित्रांतून उठून आल्यासारख्या दिसल्या, त्याचे कारण हे.

नंतर त्यांनी भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. तो दादरला आणला, १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन रंगीत छपाईची यंत्रे पाहून आणली, आणि चांगला लौकिक मिळविला. परंतु भागीदारांशी पटेनासे झाले आणि ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वय चाळीस, घरात मुलेबाळे, आणि उत्पन्न बंद!

गिरगावातील ती संध्याकाळ

अशा विमनस्क अवस्थेत असताना, १९११ च्या सुमारास, फाळके गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रपटगृहात गेले. तेथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट चालू होता. वाचकहो, ज्यांना ख्रिस्ती लोक येशू म्हणतात, ते आपले हजरत ईसा अलैहिस्सलाम. ख्रिस्ती मंडळींनी आपल्या श्रद्धेप्रमाणे ती कथा पडद्यावर आणली होती. प्रेक्षकांत बसलेल्या या त्र्यंबकेश्वरच्या ब्राह्मणाच्या मनात ती पाहताना निराळेच चित्र उभे राहिले. समोर येशूची कथा चालली होती आणि त्यांना तेथे गोकुळ दिसत होते, अयोध्या दिसत होती. आपल्या देशातील मुलांना आपल्या कथा अशा हलत्या चित्रांत कधी पाहावयास मिळतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले. दुसऱ्या दिवशी ते सरस्वतीबाईंनाही घेऊन गेले.

या प्रसंगाकडे आपण नीट पाहिले पाहिजे. परधर्मीयांची कथा पाहून त्यांना राग आला नाही, मत्सर वाटला नाही, किंवा आपला धर्म सोडून त्यांच्यामागे जावे असेही वाटले नाही. त्यांनी त्या कथेचा आदर केला, तिच्यातील तंत्र पाहिले, आणि आपल्या बालपणी ऐकलेल्या कथांकडे ते परत वळले. दुसऱ्याच्या दिव्याच्या उजेडात त्यांना स्वतःच्या घरातील पेटी सापडली.

मग सुरू झाली साधना. मिळेल तो चित्रपट पाहावयाचा, फिल्मच्या तुकड्यांचे निरीक्षण करावयाचे, पुस्तके मागवून वाचावयाची. झोप तीन तासांची. परिणामी डोळ्यांवर असा ताण पडला की दिसेनासे झाले. वेळीच योग्य उपचार झाले म्हणून दृष्टी परत आली. बरे होताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते विलायतेस निघाले. तेथे ओळख ना पाळख. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ गेले. संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याकडे पाठविले आणि हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखविला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून ते एप्रिलच्या आरंभी मुंबईस परतले.

परंतु भांडवल कोण देणार? फाळके यांनी एक युक्ती केली. एका कुंडीत वाटाण्याचे बी लावले, कॅमेरा समोर ठेवला, आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत महिनाभरात रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ते बी मिनिटभरात उगवून वेल होताना दिसू लागले. शब्दांनी पटले नसते ते या वाटाण्याच्या वेलाने पटवून दिले आणि कर्ज मिळाले. त्यालाही जोड म्हणून सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.

सरस्वतीबाईंचा वाटा

दादरच्या मथुरा भवनात कामाला आरंभ झाला. त्या काळी कच्ची फिल्म विनाछिद्र येत असे. तिच्या दोन्ही कडांना अंधारात, केवळ हाताच्या अंदाजाने भोके पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुण्याची रसायने तयार करणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर प्रकाश पाडणे, आणि एवढे करून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधणे, हेही त्यांच्याकडेच. औपचारिक शिक्षण फारसे नसलेल्या एका गृहिणीने रसायन आणि प्रकाश यांचे शास्त्र नवऱ्याच्या बरोबरीने आत्मसात केले! मुलींना विज्ञान कशाला, असे म्हणणाऱ्यांनी या माउलीचे स्मरण ठेवावे.

नटांचा प्रश्न मोठा बिकट होता. तमासगिरांच्या व नाचगाण्याच्या व्यवसायातील स्त्रियाही कॅमेऱ्यापुढे उभ्या राहण्यास तयार नव्हत्या. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ तरुण फाळके यांच्या दृष्टीस पडला आणि तोच राणी तारामती झाला. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळके यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सुमारे सात महिन्यांच्या श्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा चित्रपट पुरा झाला.

विद्यार्थ्यांनी येथे एक हिशोब करून पाहावा. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे असतात. म्हणजे ३,७०० फुटांत ५९,२०० चित्रे झाली. पुढे जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र फक्त तीन आण्यांत, असा मजकूर छापल्याचे सांगतात. चित्रांचा आकडा जवळपास बरोबर आहे. मैलाचा मात्र नाही, कारण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा भरत नाही. जाहिरात ती जाहिरात!

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, याआधी एक वर्ष, १८ मे १९१२ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखविण्यात आला होता. परंतु ते एका नाटकाचे चित्रण होते आणि कॅमेरा इंग्रज माणसाने चालविला होता. म्हणून पहिल्या संपूर्ण भारतीय कथापटाचा मान सामान्यतः 'राजा हरिश्चंद्र'ला दिला जातो.

यश आणि उतार

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघींनी भूमिका केल्या आणि पडद्यावर प्रथमच स्त्रिया आल्या. १९१७ साली गिरगावच्या वेस्ट एंड चित्रपटगृहात 'लंकादहन' लागला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या! पडद्यावर राम दिसताच लोक पायांतील वहाणा काढून हात जोडीत. या चित्रपटाने इतके उत्पन्न दिले की मद्रासेस नाण्यांच्या थैल्या बैलगाडीतून न्याव्या लागल्या, असे सांगतात. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली.

परंतु पैसा आला तसे भागीदार आले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. फाळके यांना प्रत्येक गोष्ट मनासारखी हवी असे आणि खर्चाचा विचार नंतर. व्यापारी भागीदारांना हिशोब आधी हवा. खटके उडू लागले. रागाच्या भरात ते सारे सोडून काशीस गेले, तेथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले, आणि काही काळाने पुन्हा कंपनीत परतले. तोपर्यंत जग पुढे गेले होते.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट लागला. दिग्दर्शक अर्देशिर इराणी हे पारशी, भाषा हिंदुस्तानी, नायिका जुबेदा, आणि फकिराच्या भूमिकेतील डब्ल्यू. एम. खान यांचे गाणे घराघरांत पोहोचले. जुबेदा यांच्या आई फातमा बेगम यांनी त्याआधीच, १९२६ मध्ये, 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला होता. एका शास्त्र्याच्या मुलाने पुराणकथांसाठी जो रस्ता खणला, त्या रस्त्याने पुढे सर्व जातीधर्मांची माणसे आपापल्या कथा आणि आपापली भाषा घेऊन गेली, हजारो कुटुंबांच्या चुली त्यावर पेटल्या.

रस्ता खणणाऱ्याच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. आवाजाचे तंत्र फाळके यांना रुचले नाही. 'सेतुबंधन' मूक म्हणून तयार झाला आणि मग त्यावर आवाज चढवावा लागला. १९३७ मधील 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. पंचवीस वर्षांत सुमारे ९५ कथापट करूनही हाती काही उरले नव्हते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६९ साली, भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. ज्या चित्रपटासाठी दागिने गहाण पडले, त्या 'राजा हरिश्चंद्र'चे आज केवळ काही तुकडे शिल्लक आहेत.

आपण काय घ्यावे?

या चरित्रातून देवादिकांची चित्रे काढण्याचा उपदेश मी करीत नाही. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. परंतु फाळके यांच्या हाती जे होते ते पाहा: रेखाटन, रसायन, प्रकाशशास्त्र, छपाई, यंत्रज्ञान. यांतील कोणती विद्या कोणत्या समाजाला वर्ज्य आहे? मशिदीच्या मेहराबीवरील सुलेखन असो, जाळीतील भूमिती असो, की पुस्तकाचे मुखपृष्ठ असो, डोळा आणि हात तयार असल्यावाचून काहीच होत नाही.

वर्गात शिकविताना असे दिसते की, ज्या मुलाची रेघ चांगली असते, त्याची वही बहुधा लपविलेली असते. घरी कळले तर बोलणी बसतील ही भीती. गणितात कमी गुण पडले की पहिला दोष चित्रकलेवर येतो. अशा मुलाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय ड्रॉइंग परीक्षांना बसू द्यावे. फी थोडी, लाभ मोठा. पुढे वास्तुशास्त्र, छपाई, वस्त्रांचे आरेखन, यंत्रांचे नकाशे, छायाचित्रण, अशा कितीतरी वाटा खुल्या होतात. त्याने कशाचे चित्र काढावे आणि कशाचे काढू नये, हे त्याला प्रेमाने जरूर समजावा. परंतु त्या समजावण्याच्या नावाखाली त्याच्या हातातील पेन्सिल काढून घेऊ नका.

आणि मुलांनो, तुम्हांला एवढेच सांगणे की, फाळके यांची चिकाटी घ्या, पण त्यांचा हिशोबाकडील काणाडोळा घेऊ नका. हुन्नर कमावा आणि जमाखर्चाची वहीही लिहा. आपल्या घरच्या थोरांच्या गोष्टी आईवडिलांकडून, दादी-नानीकडून ऐकून ठेवा, कारण मोठेपणी माणूस जे काही घडवितो त्याची माती लहानपणीच गोळा झालेली असते. शेजाऱ्याच्या घरच्या गोष्टीही आदराने ऐका. त्या ऐकता ऐकताच आपल्या गोष्टींची किंमत कळते.